पडवीवरचा ऐन आणि समोरचा डोंगर

संपादक साहेब,

कोकणातल्या झाडांनी किती कार्बन धरून ठेवलाय आणि त्याचे शेतकऱ्याला पैसे कसे मिळणार यावर तुमचं कालचं अर्धं पान वाचलं. छान आहे. त्याच्याच खाली 'सी फेसिंग एनए प्लॉट'ची, म्हणजे बिनशेती केलेल्या जमिनीची, पाव पान जाहिरात, ती पण वाचली. दोन्हीतलं कुठलं मनावर घ्यायचं तेवढं कळवा.

माझ्या पडवीवर एक ऐनाचं झाड कललं होतं. 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यात ऐन, किंजळ, आंबा, फणस सगळे आहेत, परवानगीशिवाय तोडायचे नाहीत, मान्य. म्हणून रीतसर अर्ज केला तर म्हणे सातबारा सामायिक आहे, सगळ्यांच्या सह्या आणा. आम्ही सातजण, त्यातले चार मुंबईत आणि एक चुलतभाऊ 15 वर्षं माझ्याशी बोलत नाही. चार हेलपाटे झाले. शेवटी जूनच्या वाऱ्यात ऐन आपला आपणच आडवा झाला, 42 कौलं आणि एक वासा घेऊन.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात समोरचा डोंगर आधी लाकूडवाल्याने बोडका केला, मग दोन पोकलेन अकरा दिवस चालले. परवानग्या होत्या म्हणतात, असतीलही बाबा. पण झाडं तरी मोजतात, खालच्या मातीचं काय? वर्षानुवर्षं पाला कुजून कार्बन त्या मातीतही मुरलेला असतो ना, ती उकरली की चालला हवेत, आणि उरलेली पहिल्या पावसात पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, लालभडक होऊन खाडीत. खाडीकाठच्या कांदळवनाला हात लावू नका, भोवती 50 मीटर सोडा असं हायकोर्टाने 2018 ला सांगितलंय, पण वरून येणाऱ्या गाळाला ते कोण वाचून दाखवणार!

गावठाणाची वाढ सोडली तर संवेदनशील भागात शेतजमीन एनए करू नका, हे पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने 2011 लाच लिहिलेलं. तेव्हा 'आमच्या जमिनीवर बंधनं नकोत' म्हणून गावात कागद फिरला, त्यावर माझी पण सही आहे, खोटं कशाला सांगू. आम्हाला वाटलं घराला एक खोली वाढवायची तरी अडवतील. आता खोली तशीच राहिली आणि समोर प्लॉटचे सिमेंटचे खांब उभे आहेत.

आणि हो, रविवारचं शब्दकोडं आमच्याकडच्या अंकात इतकं फिकं येतं की चौकटीतले आकडे चष्मा लावूनही दिसत नाहीत. दोनदा फोन केला, बघतो म्हणाले.

एक जुना वाचक,
राजापूर तालुका