प्रॉडक्शनमध्ये येणाऱ्या मुलांनी आधी कॉलशीट शिकावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांच्या दिवसांत करिअर पुरवण्यांमध्ये चित्रपट आणि मालिकांविषयी जे लेख येतात, त्यांत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि अभिनय एवढीच दारे दाखवलेली असतात. पदवी न विचारता नवख्याला आत घेणारे खाते प्रॉडक्शनचे. त्याची बोळवण मात्र एका ओळीत होते. मग गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला किंवा नायगावला सेटवर पहिल्यांदा येणाऱ्या मुलामुलींना आपल्याला कशासाठी बोलावले आहे हेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे पत्र.

सर्वांत मोठा घोळ ‘असिस्टंट’ या शब्दाचा आहे. दिग्दर्शनाचा असिस्टंट सीन, कंटिन्युइटी (आधीच्या शॉटमधले कपडे, वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच असणे) आणि कलाकारांच्या हालचाली सांभाळतो. प्रॉडक्शनचा असिस्टंट माणसे, गाड्या, जेवण, परवानग्या, पैसे आणि वेळ सांभाळतो. इथून पुढची वाट प्रॉडक्शन मॅनेजर, कंट्रोलर, लाइन प्रोड्युसर (शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था पाहणारा) अशी जाते. दिग्दर्शक व्हायचे मनात ठेवून या दाराने आलात तर दोन वर्षे गाड्यांचे हिशेब करण्यात जातील आणि कुढत बसाल. काय व्हायचे आहे ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. कोणी रागावत नाही.

कामाचा गाभा म्हणजे कॉलशीट. उद्याच्या शूटिंगचा तो एक कागद आदल्या संध्याकाळी सर्वांना गेला पाहिजे. त्यात लोकेशनचा पत्ता, सीन नंबर, दिवस की रात्र, आत की बाहेर, कोण कलाकार, खास प्रॉपर्टी (सीनमध्ये वापरायच्या वस्तू) काय, जवळचे रुग्णालय कोणते, हे सगळे येते. नवख्यांची चूक वेळेत होते. ‘कॉल ९ चा’ एवढेच लिहिले की एक जण ९ ला घरून निघतो आणि दुसरा ९ ला तयार होऊन उभा राहतो. म्हणून प्रत्येक कलाकारापुढे तीन वेळा लिहाव्यात: गाडी घरी कधी, सेटवर हजर कधी, शॉटला तयार कधी. नऊवारी, अंबाडा आणि दागिने असतील तर हजेरी आणि शॉट यांत दीड तास धरा. साध्या शर्टातल्या पुरुष कलाकाराला अर्धा तास पुरतो. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येणाऱ्याची गाडी अंतर पाहून नव्हे, त्या वेळची वाहतूक पाहून ठरवा. व्हॉट्सॲपवर निळी खूण दिसली म्हणजे निरोप पोचला असे समजू नका, फोन करा. आणि लोकेशनचे पिन नव्याने टाका. मागच्या शेड्यूलचे पिन पुढे ढकलल्यामुळे जनरेटरची गाडी भलत्याच गेटवर उभी राहते आणि पहिला शॉट तासभर लांबतो.

जेवणाची मोजणी कॉलशीटवरून करू नये. ड्रायव्हर, जनरेटरवाला, व्हॅनिटीचा (कलाकारांच्या मेकअप-विश्रांतीच्या गाडीचा) अटेंडंट आणि सुरक्षारक्षक तिच्यात नसतात, आणि ताटे कमी पडली की उपाशी नेमके तेच राहतात. गुरुवार, संकष्टी, एकादशी कॅलेंडरवर पाहून उपवासाची माणसे सकाळीच मोजा. दुपारी १ वाजता साबुदाण्याची खिचडी मागितली तर केटरर ती कुठून आणणार? मे महिन्यात बाहेरचे शूटिंग असेल तर माणशी ४ लिटर पाणी धरा. ७० माणसांच्या युनिटला २८० लिटर, म्हणजे २० लिटरचे १४ जार. ते सकाळीच उतरवून घ्यावेत.

रोख रकमेचा हिशेब रोज रात्री पॅकअपनंतर बसवलाच पाहिजे. घेतलेला ॲडव्हान्स म्हणजे बिले अधिक हातातली शिल्लक, हे समीकरण जुळेपर्यंत घरी जाऊ नये. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला खर्च कधीच जुळत नाही आणि तूट शेवटी असिस्टंटच्या खिशातून जाते. फुलवाला किंवा टेम्पोवाला बिल देत नाही, तिथे नाव, फोन, कारण आणि सही असलेले व्हाउचर घ्या. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर १ रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देण्याआधी अकाउंट्सला विचारा, कारण तो खर्च प्राप्तिकरात वजावटीला धरत नाहीत. वाहतूकदारांची मर्यादा तेवढी वेगळी आहे. पेट्रोल पंपाची आणि टोलची बिले थर्मल कागदावर असतात, महिनाभरात पांढरी पडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

परवानग्यांचे कागद फोनमध्येही ठेवा आणि छापूनही जवळ बाळगा. रस्त्यावर हवालदाराने विचारले तेव्हा मॅनेजर मीटिंगमध्ये असतो आणि फोनची बॅटरी संपलेली असते. भोर किंवा वाईला कोणाचा वाडा घेतला तर सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. नुकसानीचा वाद त्यावरच मिटतो. पावसाळ्यात बाहेरच्या प्रत्येक दिवसाला आतला एक सीन राखीव हवा, त्याचे कपडे आणि प्रॉपर्टी गाडीत चढलेली हवी.

बालकलाकारांच्या बाबतीत आमची कळकळीची विनंती आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के थेट त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत जातात. मूल कधी आले, कधी गेले, ही नोंद प्रत्यक्षात असिस्टंटच ठेवतो. ‘एकच शॉट राहिलाय’ असे कोणी कितीही म्हणाले तरी घड्याळ दाखवा. मेकअपचा वेळही त्यात मोजावा, असे आमचे ठाम मत आहे.

सेट प्लायवूड, थर्माकोल आणि कापडाचे असतात. अग्निशामक सिलिंडरपुढे खुर्च्या रचलेल्या दिसल्या तर हलवायला कोणी सांगेपर्यंत थांबू नका.

आता पैशांचे. मालिकांमध्ये पैसे ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत रुळली आहे, त्यामुळे मुंबईत येताना चार महिन्यांचे भाडे आणि डबा यांची सोय हवी. पैसे दिवसावर की महिन्यावर, १२ तासांनंतर काय, रात्री सोडायला गाडी आहे का, पैसे किती दिवसांनी, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे मेलवर मागा. सिने-कामगारांसाठी लेखी कराराची अट १९८१ च्या कायद्यातच होती. मागायला संकोच नको. काम देण्यासाठी ‘नोंदणी फी’ मागणारा माणूस ठग आहे. युनियनचे सभासदत्व घ्यायचे झाल्यास पैसे युनियनच्या कार्यालयात भरून पावती घ्यावी, मधल्या माणसाच्या हातात देऊ नयेत.

ओळख नसेल तर सुरुवात गावातूनही होते. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा पुरुषोत्तम करंडकात बॅकस्टेज केलेल्या मुलाला ठरलेल्या वेळात नेपथ्य लावायची आणि काढायची सवय असते, ती इथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. सोबत एक्सेल, गाडी चालवण्याचा परवाना आणि कामापुरते हिंदी असावे.

आपल्या करिअर पुरवणीत या खात्याला एक पूर्ण पान द्यावे आणि ‘मालिकेत काम मिळेल’ अशा छोट्या जाहिराती छापण्याआधी जाहिरातदाराचा पत्ता आणि निर्मिती संस्थेचे पत्र मागून घ्यावे, ही विनंती.

आपले,
मालिकांच्या प्रॉडक्शन खात्यातील काही सहकारी,
गोरेगाव (पूर्व), मुंबई