"कुठे?" असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं तुम्ही म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आपल्या वाचकांच्या गटातले सगळे दोन ओळीतच ओळखतील हे कोणासाठी आहे ते. समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही लगेच "ते राहू दे, सध्या काय वाचतोयस ते सांग" म्हणून विषय बदलता, त्यामुळे म्हटलं सगळ्यांसमोर लिहूनच टाकावं, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

मी गटात आलो तेव्हा खूप वाचत होतो. त्या वर्षीचं टार्गेट 50 पुस्तकांचं होतं आणि ते मी पूर्णही करत होतो, एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, आणि प्रत्येकाला पाचपैकी किती स्टार ते लिहून ठेवायचो. दर महिन्याला आपण भेटायचो, अलीकडे काय वाचलं ते प्रत्येकाने सांगायचं, आणि माझी पाळी आली की मी धडाधड चार-पाच नावं घ्यायचो, हे मस्त आहे, हे बोअर आहे, हे अंगावर येतं, हे प्रत्येकाने वाचायलाच पाहिजे, झालं. लोक माना डोलवायचे आणि पुढच्याकडे वळायचे. त्या दिवशी मी उद्धव शेळक्यांच्या 'धग'बद्दल बोललो, म्हणजे बोललो काय, "फार रडवणारं पुस्तक आहे" एवढंच म्हणालो आणि पुढच्या पुस्तकावर जायला लागलो तर तुम्ही विचारलंत, "कुठे रे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. तुम्ही परत म्हणालात, "कुठे रडलास? कुठल्या पानापाशी?" तुमच्या आवाजात परीक्षा घेतल्यासारखं काहीच नव्हतं, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं, तुम्ही थोडं पुढे वाकून बसला होतात. आणि मला सांगता येईना. कौतिकचं नाव आठवत होतं, महादेव आठवत होता, गरिबी आठवत होती, पण मी नेमका कुठे थांबलो होतो, कुठे पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसलो होतो की बसलोच नव्हतो, काही आठवेना. तुम्ही म्हणालात, "घाई नाही, पुढच्या वेळी सांग."

म्हणून मी ते परत वाचलं. दहा दिवसांपूर्वी वाचलेलं पुस्तक परत काढून वाचणं हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वेळी मी त्यातली वऱ्हाडी बोली जवळजवळ ओलांडून गेलो होतो. अडलेला शब्द अंदाजाने घ्यायचा आणि पुढे, कारण कथानक कळत होतं ना. दुसऱ्या वेळी ते संवाद मोठ्याने वाचले, एकटाच होतो घरात, आणि मोठ्याने वाचल्यावर कौतिक ऐकू यायला लागली. मला वाटत होतं की मोठे प्रसंग आहेत, संकटं कोसळतात, तिथे माझ्या डोळ्यात पाणी आलं असणार. पण तसं नव्हतं. ती मुलांशी रोजचं साधं बोलते, काम करता करता, दमलेली असताना, पोराने शिकावं म्हणून जीव टाकत असताना, तिथे मला गलबलून आलं. 1960 सालची कादंबरी आहे ही, इतक्या वर्षांनी माझ्या खोलीत एक बाई बोलत होती आणि मी पहिल्या वेळी तिचं ऐकलंच नव्हतं.

पुढच्या भेटीत मी फक्त तेवढंच सांगितलं. एकच पुस्तक, एकच जागा. आणि ताई, त्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की माझं बोलून झाल्यावर तिघांनी ते पुस्तक वाचायला मागितलं. "प्रत्येकाने वाचायलाच पाहिजे" असं मी आधी किमान वीस पुस्तकांबद्दल म्हणालो असेन, एकानेही मागितलं नव्हतं.

त्यानंतर मी तुमच्याकडे बघायला लागलो, तुम्ही पुस्तकाबद्दल बोलता कसं ते. तुम्ही गोष्ट सांगत नाही. आपल्यापैकी बरेच जण, मीसुद्धा, मत सांगायच्या नावाखाली सगळं कथानक सांगून टाकतो आणि शेवटी "छान आहे" जोडतो, मग ऐकणाऱ्याला वाचायला उरतं काय? तुम्ही 'रणांगण' मला दिलंत तेव्हा इतकंच म्हणालात की युरोपातून निघालेली एक बोट आहे, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, आणि एक मराठी तरुण आहे ज्याचा प्रेमावरचा विश्वास उडालाय, आणि हे पुस्तक 1939 साली आलंय हे वाचताना लक्षात ठेव. बस. एकही घटना सांगितली नाहीत. पण ते साल सांगितलंत ना, त्याने काय झालं माहितीये, मी प्रत्येक पानावर तेच आठवत होतो, की हे युद्ध संपल्यावर मागे वळून लिहिलेलं नाही, महायुद्ध पेटलं तेच हे साल, आणि पुढे त्या लोकांचं काय होणार आहे ते वाचणाऱ्या मला ठाऊक आहे आणि विश्राम बेडेकरांना लिहिताना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. चक्रधर आणि हॅर्टा डेकवर बोलत असतात आणि मला श्वास घ्यायला जड जात होतं. हे तुम्ही आधी शेवट सांगून टाकला असतात तर झालं नसतं, आणि काहीच न सांगता नुसतं पुस्तक हातात ठेवलं असतंत तरी झालं नसतं. नेमकं किती सांगायचं हे तुम्हाला कसं कळतं हे मला अजून उमगलेलं नाही, मी शिकतोय.

तुम्ही अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दलही बोलता. हे मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. तुमच्या वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव (ते तुम्ही कधी म्हणजे कधीच विसरत नाही, कोणी अनुवादकाचं नाव न घेता परदेशी पुस्तकाच्या भाषेचं कौतुक केलं की तुम्ही हळूच विचारता, "मराठीत आणलं कोणी?"), आवृत्ती कुठली, सुरू केलं ती तारीख, आणि सोडलं असेल तर कितव्या पानावर. एकदा सगळ्यांसमोर तुम्ही एका खूप गाजलेल्या पुस्तकाबद्दल म्हणालात, "मी 80व्या पानावर थांबले, दोनदा थांबले, दोन्ही वेळा तिथेच. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मी 80 पानंच वाचलीयत." मला ते फार मोलाचं वाटलं. त्याच्या आधी मी न आवडलेली पुस्तकं ओढूनताणून संपवायचो आणि मग त्यांच्यावर राग काढायचो, किंवा दहा पानं वाचून सगळं पुस्तक टाकाऊ ठरवायचो. किती पानं वाचून बोलतोय हे प्रामाणिकपणे सांगितलं तर मताला वजन येतं, हे आता साधं वाटतं, तेव्हा नव्हतं माहीत.

आणि 'युगान्त'. ते तर मी विसरूच शकत नाही, कारण तिथे मी तुमच्याशी भांडलो होतो. इरावती कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं ते पुस्तक तुमचं किती जिव्हाळ्याचं आहे ते मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर बहुतेक गप्प बसलो असतो आणि ते बरं झालं नसतं. मी तावातावाने म्हणालो होतो की लेखिकेने भीष्मावर अन्याय केलाय, लहानपणापासून मनात असलेला भीष्म असा सोलून काढायची काय गरज होती. सगळे गप्प. मला वाटलं आता ताई चिडणार. तुम्ही नेहमीसारखंच विचारलंत, "कुठे?" आणि मी या वेळी तयारीत होतो, मी पान उघडून दाखवलं, भीष्माच्या हातून राजघराण्यातल्या बायकांचं काय काय झालं, काशीराजाच्या मुली, गांधारी, कुंती, माद्री, ते त्या एकापाठोपाठ मांडत जातात तिथे. मी म्हणालो, ही यादी खरी आहे पण त्या वेळच्या चालीरीती बघता एकट्या भीष्माच्या माथ्यावर ती कशी टाकता येईल. तुम्ही ते पान माझ्या हातातून घेऊन परत वाचलंत, तिथेच, सगळ्यांना थांबवून, दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. मग म्हणालात, "मला नाही पटलं तुझं, पण तू कुठे अडलास ते कळलं."

आणि मग तुम्ही सांगितलंत की इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या, नातेसंबंध, लग्नं, कुळं हाच त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास, म्हणून महाभारताकडे बघताना त्या आधी घर बघतात आणि मग रणभूमी, विदुर आणि धर्मराज यांच्यात बाप-लेकाचं नातं असेल का हा प्रश्न त्यांनाच पडू शकतो, आणि खांडववन जळतं तेव्हा विजयाच्या ऐवजी आत होरपळणारे जीव त्यांना दिसतात. हे ऐकून माझं भीष्माबद्दलचं मत बदललं का, तर नाही बदललं. आजही मला तो लेख थोडा कठोर वाटतो. पण 1967 सालचं ते पुस्तक मी त्यानंतर दोनदा वाचलंय आणि दर वेळी माझी भांडायची जागा थोडी सरकते. तुमच्याशी न पटूनही तुमच्या शेजारी बसून वाचता येतं, हे मला किती हवं होतं ते तुम्हाला सांगता येणार नाही, कारण इतर ठिकाणी पुस्तकावर मतभेद झाला की माणसं दुरावतात हे मी बघितलंय, स्वतःच्या एका जुन्या मित्राच्या बाबतीत अनुभवलंय.

तारखेचं तर राहिलंच. प्रत्येक मताखाली तारीख लिही, असं तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग मागच्या वर्षी भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला' परत वाचायला घेतलं. कॉलेजात वाचलं होतं तेव्हा पांडुरंग सांगवीकरचं हॉस्टेल, त्याचं वैतागणं, त्याचे ते उदाहरणार्थ आणि वगैरे, आम्ही मित्र महिनोन्महिने तसंच बोलायचो. माझ्या आठवणीत ती तेवढीच कादंबरी होती. या वेळी मनीच्या मरणापाशी आलो आणि पुढे जाताच येईना. त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते ती. मी पहिल्या वेळी ते वाचलं होतं की नाही? वाचलंच असणार, पानं काय गाळली नव्हती. पण विशीत माझ्यात ते कुठेच उतरलं नव्हतं, आणि आता मला मुलगी आहे. आणि बापाशी त्याचं जे चालतं ते वाचताना मी या वेळी निम्मा वेळ बापाच्या बाजूने होतो. मग मी वहीत दोन मतं लिहिली, एक आठवेल तसं विशीतलं आणि एक आत्ताचं, दोन्हीखाली साल टाकलं, आणि तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही काही बोलला नाहीत. तुमची वही उघडून तुमचं 'कोसला'वरचं पान दाखवलंत, तिथे चार तारखा होत्या. पहिल्या तारखेखाली लिहिलं होतं, "आवडलं नाही, चिडचिड झाली." शेवटच्या तारखेखालचं मी इथे लिहीत नाही, ते तुमचं आहे.

या वर्षी मी आतापर्यंत अकरा पुस्तकं वाचलीयत. 50 वाचायचो तेव्हापेक्षा जास्त भरलेला आहे मी, हे तुम्हाला सांगायची गरज नाही पण सांगावंसं वाटतंय. स्टार देणं बंद केलं. आणि परवा काय झालं, गटात नवीन आलेली एक मुलगी म्हणाली की अलीकडे वाचलेलं एक पुस्तक तिला खूप भावलं, इतकंच बोलून ती थांबली, संकोचली होती, आणि तुम्ही त्या दिवशी आला नव्हतात. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "कुठे?" ती दचकली आणि मग हसली आणि म्हणाली, "थांबा, पुस्तक बॅगेतच आहे." आणि तिने पान शोधायला सुरुवात केली. सगळे थांबले तिच्यासाठी. ताई, मला तेव्हा तुमची इतकी आठवण आली की त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

तुमचे आभार कशाकशासाठी मानू, पुस्तकं दिलीत, वेळ दिलात, माझं घाईचं बोलणं इतके महिने ऐकून घेतलंत, एकदाही मला कमी वाचलेला किंवा उथळ वाटू दिलं नाहीत. मनापासून, अगदी मनापासून आभार.

तुमची 'रणांगण'ची प्रत रविवारी परत आणतोय, फार दिवस ठेवली त्याबद्दल माफ करा. खुणा करायच्या तर पेन्सिलनेच असं तुम्ही बजावलं होतंत, तर सगळ्या पुस्तकात मी एकच रेघ मारलीय, पेन्सिलनेच, अगदी पुसट. कुठे ते सांगत नाही, तुम्ही शोधा.

तुमचा,
गटातला तो घाईने वाचणारा भाऊ