मातीतल्या बॅक्टेरियाबद्दल पण लिहा

संपादक महोदय,

खताबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक टंचाई, भाव आणि सबसिडी एवढंच असतं, ते महत्त्वाचं आहेच, पण वर्षानुवर्षं खत टाकून मातीतल्या बॅक्टेरियाचं काय होतं यावर कुणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी बोलतोय ते स्फुरदाबद्दल, म्हणजे फॉस्फरस. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर काही पाण्याबरोबर जातं, काही हवेत उडतं, स्फुरद मात्र बहुतेक बसल्या जागी अडकतं, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमबरोबर आणि आम्ल जमिनीत लोह, ॲल्युमिनियमबरोबर. टाकलेल्यापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या हाती साधारण 10 ते 25 टक्केच लागतं. बाकीचं बरंचसं मातीतच साठत जातं आणि आपण पुढच्या वर्षी परत वरून टाकतो!!

आता हा साठा पिकाला मोकळा करून देणार कोण, तर हेच बॅक्टेरिया. स्युडोमोनास, बॅसिलस वगैरे मंडळी ग्लुकोनिक ॲसिडसारखी आम्लं सोडून अडकलेलं स्फुरद विरघळवतात, आणि जे सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं (बऱ्याच जमिनींत एकूण स्फुरदाचा 30 ते 65 टक्के भाग असाच असतो) ते फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम वापरून सोडवतात. पण हे एन्झाइम बनवायला बॅक्टेरियाला शक्ती खर्चावी लागते, त्यामुळे आजूबाजूला आयतं फॉस्फेट भरपूर असलं की ते बनवणारी जनुकं बॅक्टेरिया बंदच ठेवतात, साधी गोष्ट आहे, घरात भरलेलं पातेलं असताना चूल कोण पेटवेल. हे दर हंगामाला होत राहिलं की मग मातीत कोणत्या जाती टिकतात तेही हळूहळू बदलत जातं.

त्यात अमोनियम आणि युरियाच्या नत्रानं काही जमिनींचा सामू (pH) खाली घसरतो, म्हणजे माती आम्ल होत जाते, आणि सामू बदलला की बॅक्टेरियाची सगळी वस्तीच बदलते.

रासायनिक खत म्हणजे विष असं मी अजिबात म्हणत नाहीये, हलक्या जमिनीत खतानं पीक वाढलं तर मुळं पण वाढतात आणि बॅक्टेरियाला खायला मिळतं. आणि शेणखतात पण स्फुरद असतंच, ढीगभर टाकलं तर तेही साठतं. प्रश्न मोजून टाकण्याचा आहे. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, काही पट्ट्यांना शेणखत, काहींना रासायनिक, एकाला काहीच नाही, आणि तिथे 2001 पासून काही पट्ट्यांचं स्फुरद बंद केलं कारण मातीतच पुरेसं साठलं होतं. दीडशे वर्षं मोजमाप करणारे लोक थांबू शकतात तर आपण निदान माती परीक्षणाचा रिपोर्ट बघून डोस कमी करू शकतो की नाही?

अजून एक. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू बियाण्याला लावायचे आणि त्याच दिवशी सुपर फॉस्फेटचा फुल डोस द्यायचा, यात त्या बिचाऱ्या जिवाणूंना काम करायचं कारणच उरत नाही, वर जमिनीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेणा-पाल्यातला कार्बन) नसेल तर खायला पण काही नाही, मग पाकीट वाया गेलं म्हणून ओरड. आधी कर्ब वाढवा, स्फुरद "जास्त" दाखवत असेल तर तो डोस थांबवा, मग पीएसबी.

माझी विनंती एवढीच की शेतीच्या पानावर माती परीक्षणाचा रिपोर्ट कसा वाचायचा, उपलब्ध स्फुरदाच्या आकड्याचा अर्थ काय, आणि त्या आकड्यात बॅक्टेरियाबद्दल काहीच का कळत नाही, हे सोप्या भाषेत एकदा तरी छापा, पेरणीच्या आधी छापलंत तर जास्त बरं, नंतर खत टाकून झालेलं असतं.

आपला,
एक नियमित वाचक