संगणक एक, हात अनेक

महोदय,

मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अलीकडेच एका सेवा केंद्रात गेले होते. माझी फाइल शोधताना तिथल्या मुलाने तीन अनोळखी माणसांची आधार कार्डं माझ्यासमोर उघडली. 'आधार', 'आधार नवीन', 'आधार फायनल' अशी रांगच लागली होती स्क्रीनवर. केंद्रात काम करणारे चौघे, संगणकावरचं खातं मात्र एकच, सगळे हक्क असलेलं 'अ‍ॅडमिन', आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला.

मी संगणक शिकवते, म्हणून त्या मुलाला दोष द्यायला मन धजत नाही. एकच खातं सगळ्यांनी वापरायची ही सवय जुनी आहे. पीसी चालवणाऱ्या १९८१ च्या डॉस या प्रणालीत फाइलचं नाव, आकार, तारीख यांची नोंद होई. ती कोणाची, हे लिहायला जागाच नव्हती. यंत्र एकाचंच, हे गृहीत धरलेलं. विंडोज ९८ मध्येसुद्धा पासवर्डची चौकट एस्केप दाबून टाळता येत असे. युनिक्स या दुसऱ्या प्रणालीने मात्र १९७० च्या दशकातच फाइलीचा मालक, गट आणि इतर अशी विभागणी करून वाचणं, लिहिणं, चालवणं यांचे हक्क वेगळे केले होते, कारण तिथे एका यंत्रावर अनेक जण काम करत. १९९३ साली विंडोज एनटी या आवृत्तीने तशी सोय विंडोजमध्ये आणली. पुढे विंडोज एक्सपी घरोघरी पोचलं, पण ते बसवताना तयार होणारी खाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचीच असत. तिथून जे अंगवळणी पडलं ते आजही सुटलेलं नाही.

याचा धोका डोकावण्यापुरता नाही. अ‍ॅडमिन खात्यातून चुकून उघडलेला व्हायरस सगळ्यांच्याच फाइलींवर हात मारू शकतो. शिवाय साध्या पेन ड्राइव्हवर फाइली ठेवण्याची पद्धत बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते आणि तिच्यात मालकाची नोंद नसते. त्यावर कॉपी केलेल्या फाइलीला पुन्हा मालक उरत नाही.

वेगवेगळ्या खात्यांची सोय आजच्या प्रत्येक विंडोजमध्ये आहे, वेगळा खर्च नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं साधं खातं द्यावं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड केंद्रचालकाकडेच असावा आणि दाखला हाती पडला की स्कॅन पुसावेत, रीसायकल बिनमधूनसुद्धा. केंद्रांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दरपत्रक पाहतानाच संगणकावर किती खाती आहेत, हेही पाहावं.

– एक संगणक शिक्षिका, सातारा