तू बोल, मी मागे उभी आहे

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण इटलीत बोलोन्याला निघालेल्या, किंवा नुकतंच पोचून खोलीत एकट्यानं बसलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींनाही ते वाचता यावं, म्हणून उघडं लिहितेय.

मी आले त्या सप्टेंबरात माझी ठरलेली खोली दोन दिवस आधीच हातची गेली होती. तुझी-माझी ओळख म्हणजे मावशीनं दिलेला एक फोन नंबर, तेवढीच. तू स्टेशनवर आलीस, माझी मोठी बॅग स्वतःकडे घेतलीस आणि आपण कमानींखालून चालत निघालो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आपण कोरड्या होतो. चिपळूणच्या पावसात वाढलेल्या मला ते खरंच वाटेना. चालता चालता तू सांगितलंस, विद्यापीठ 1088 सालचं मानतात. शिकायला येणारे वाढले, घरं पुरेनात, मग लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून खांब दिले. 1288 मध्ये तर नव्या घराला पोर्तिको, म्हणजे अशी कमानींची वाट, हवाच असा नियम झाला. "खोली न मिळणं हे इथलं सातशे वर्षांचं दुखणं आहे, तुझ्या एकटीचं नाही," असं म्हणालीस. मला रडू आलं होतं, ते तिथं थांबलं. पुढचे 19 दिवस मी तुझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले.

तू माझी कामं करून दिली नाहीस, ताई. तेव्हा मला त्याचा थोडा रागही आला होता. पोचल्यापासून कामकाजाच्या 8 दिवसांत पेर्मेस्सोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा. तो पोलिसांकडे नाही, पोस्टात. त्याआधी 16 युरोंचं तिकीट आणायचं, ते तंबाखूच्या दुकानात. आपल्याकडे रेव्हेन्यू तिकिटासाठी कुणी पानपट्टीवर जाईल का? दारावर 'टी' अक्षराची पाटी बघ, आत शिरताच आधी बोंजोर्नो म्हण, मग काय हवं ते सांग, एवढं शिकवून तू मला पुढे केलंस. पोस्टातही तेच. पाकीट चिकटवायचं नाही, उघडंच द्यायचं, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आत ठेवायच्या, हे सगळं आदल्या रात्री घोकून घेतलंस. पण खिडकीशी मात्र एक पाऊल मागे थांबलीस. बाईंनी काहीतरी भराभर विचारलं, मी वळून तुझ्याकडे पाहिलं. "तू बोल, मी मागे उभी आहे." माझ्या तोंडून तीनच शब्द आले, तेही चुकीचे. बाई हसल्या, पुन्हा सावकाश बोलल्या. काम झालं.

कोदिचे फिस्कालेच्या, म्हणजे इथल्या करक्रमांकाच्या वेळी मात्र तू हट्टाला पेटलीस आणि बरं झालं. तो 16 अक्षर-अंकांचा नंबर आपल्या नावातूनच तयार होतो: आधी आडनावातली तीन अक्षरं, मग नावातली तीन, मग जन्माचं साल, महिना आणि दिवस. मुलींच्या दिवसात 40 मिळवतात. भारतात जन्मलेल्या सगळ्यांच्या नंबरात झेड 222 येतं. मी अर्जात नुसतं माझं नाव लिहीत होते. पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून बाबांचं नाव आहे, आणि ते गाळलं की ती अक्षरं बदलतात, नंबरच वेगळा होतो. "पासपोर्टवर आहे तसंच लिही, बाबांना सोडू नकोस," हे तुझं वाक्य मी आता प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

घरातल्या गोष्टी तर किती! इंडक्शनवर भात, आणि त्याच वेळी वॉशिंग मशीन आणि केटल लावली की घर अंधारात, कारण आपलं मीटर 3 किलोवॅटचं. तळमजल्यावरचा तो खटका वर करायला तू मला मोबाइलच्या उजेडात नेलंस. हीटर 15 ऑक्टोबरआधी सुरू होत नाही, तो सरकारी नियम आहे, घरमालकाचा कंजूषपणा नाही, हेही तूच सांगितलंस आणि तुझी गोधडी मला दिलीस. बाजारात टोमॅटो दाबून बघायला गेले, तर हळूच माझा हात धरलास.

आणि बेसन! भारतीय दुकान शोधत मी गावभर फिरत होते. तू साध्या सुपरमार्केटात नेऊन 'फरीना दी चेची' लिहिलेली पुडी हातात दिलीस. हरभऱ्याचं पीठ. त्या रविवारी पिठलं झालं, आणि पोलेंताच्या, म्हणजे मक्याच्या, बारीक पिठाच्या भाकऱ्या थापल्या. कडेनं चिरल्या, तव्यावर मोडल्या, तरी तू तीन खाल्ल्यास.

पण ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसले, ते तुला कधी सांगितलंच नाही. इथल्या परीक्षा बहुतेक तोंडी. जन्मभर पेपर लिहिलेली मी, प्राध्यापकांसमोर बसून अर्धा तास बोलायचं या कल्पनेनंच आजारी पडले होते. तू आठवडाभर रोज रात्री समोर बसून मला प्रश्न विचारलेस, विषय तुझा नसूनही. परीक्षेत 30 पैकी 21 मिळाले. 18ला पास, म्हणजे सुटले होते. पण गुण नाकारून पुन्हा बसता येतं, हे तूच सांगितलं होतंस. मी खुर्चीत बसून, माझ्या मोडक्या इटालियनमध्ये, शांतपणे नको म्हणाले. त्या खोलीत तू नव्हतीस. तरी मागे कुणी उभं आहे असं वाटत होतं. पुढच्या खेपेला 28 आले.

तू पीएचडी संपवून गेलीस, तेव्हा नेमकी माझी प्रयोगशाळा होती. स्टेशनवर येता आलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे. तू ठेवून गेलेला कुकर रोज वापरते. त्याची रिंग आता सैल झालीय, वाफ धरत नाही. आई डिसेंबरात येणाऱ्या एका मुलीबरोबर नवी पाठवतेय, पण बुडावरचा आकडा पार झिजलाय. तो 3 लिटरचा आहे की 5 चा, तेवढं कळव.

तुझीच,
जमिनीवर झोपणारी