फोटोतल्या मुलीच्या हातात मोजे कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला डेंटल असिस्टंटच्या कोर्सवरचा लेख वाचला. दुपारी क्लिनिक बंद असताना डबा उघडून बसले होते. लेख संपला तेव्हा डबा अर्धा तसाच होता. गेली 24 वर्षं मी हेच काम करते. पेशंट मला ‘सिस्टर’ म्हणतात, काही जुने लोक ‘कंपाउंडरबाई’ म्हणतात, इन्कम टॅक्सवाले काहीच म्हणत नाहीत कारण तेवढा पगार नाही. तरी या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला असावा.

हे काम सोपं, स्वच्छ आणि मुलींना शोभणारं आहे, असं आपले लेखक सांगतात. त्यांनी एकदा अक्कलदाढ काढताना अर्धा तास सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, धरून उभं राहावं. जीभ मध्ये येते, गाल मध्ये येतो, पेशंटला ओकारी येते, आणि डॉक्टरांच्या आरशावर पाण्याचा एक थेंब पडलेला चालत नाही. मग काय शोभतं ते बोलू.

पण मी पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. लेखाच्या बरोबर खाली ज्या ‘कॉलेज’ची चौकट छापली आहे, तसल्याच एका ठिकाणी माझ्या भाचीने नऊ महिने काढले. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. कापडाच्या दुकानावरचा दुसरा मजला, तीस मुली आणि एक डेंटल चेअर. चेअर दिसायला झकास, पण तिला पाण्याची लाइनच जोडलेली नव्हती. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमध्ये फोर्सेप्सची, म्हणजे दात काढायच्या चिमट्यांची, चित्रं काढायची. भाचीचं जर्नल मी पाहिलंय. काय सुंदर शेडिंग! वरच्या दाढेचा फोर्सेप्स आणि खालच्या दाढेचा फोर्सेप्स शेजारी शेजारी, खाली लाल पेनने ‘गुड’. फी 38,000. त्यात युनिफॉर्म, बॅग, आयकार्ड आणि निरोप समारंभाचं जेवण.

आमच्या सरांनी माझ्या शब्दावर तिला ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी एका आजोबांची खालची दाढ काढायची होती. सरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. भाचीने उजव्या हातात सिरिंज घेतली, डाव्या हातात टोपण घेतलं आणि पेनला लावावं तसं लावायला गेली. मी पाठमोरी होते. वळले तर ती बेसिनपाशी उभी, ग्लोव्ह काढलेला, आणि बोट पिळून पिळून रक्त काढतेय.

“किती वेळ झाला गं?”

“झाली असतील दहा मिनिटं, मावशी. पेशंटसमोर आवाज करायचा नाही असं कॉलेजात सांगितलंय.”

म्हणजे शिकवलं होतं, नाही असं नाही. फक्त हे शिकवलं नव्हतं की वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण कधीच लावायचं नाही. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात लांब. नाहीतर टोपणाच्या भानगडीत न पडता थेट नीडल कटर. सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच सांगायचं, कारण एचआयव्हीची औषधं सुरू करायची वेळ आली तर ती शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू करावी लागतात. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. मी तिला त्याच संध्याकाळी रिकाम्या सिरिंजवर शिकवलं. तिचा हात थरथरत होता.

आजोबा भले माणूस. तोंडात कापसाचा बोळा तसाच धरून ‘घ्या माझं रक्त तपासायला’ अशी हाताने खूण केली. आम्ही तिला घेऊन सिव्हिलला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, हेपॅटायटिस बी ची लस झालीय का? भाची माझ्याकडे बघायला लागली. त्या लसीचे तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्याला. नऊ महिन्यांच्या कोर्सात तिन्ही बसून वर तीन महिने उरतात. युनिफॉर्मवर कॉलेजचं नाव भरतकामाने शिवून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही होतं.

आजोबांचे रिपोर्ट चांगले आले, पुढे सहा महिन्यांनी तिचेही आले. ते सहा महिने माझे कसे गेले ते मलाच माहीत. माझ्या बहिणीला यातलं काही आजही ठाऊक नाही. ती तुमचा पेपर घेत नाही म्हणून बिनधास्त लिहिते आहे.

बाकीचं शिकणं मग चेअरशेजारीच झालं. आरसीटीच्या, म्हणजे दाताची मुळं साफ करायच्या, बारीक फाइलींचे नंबर आणि रंग मी तिच्याकडून भाजी निवडता निवडता पाठ करून घेतले: 15 पांढरी, 20 पिवळी, 25 लाल, 30 निळी, 35 हिरवी, 40 काळी. सरांनी “वीस” म्हटलं की नजर न हलवता पिवळी त्यांच्या बोटांत गेली पाहिजे. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे सगळं झालं असं ती समजायची. रेघा सांगतात की उष्णता पोचली. आधी हत्यारं ब्रशने घासली नसतील तर 121 डिग्रीला रक्त नुसतं शिजतं आणि हत्यारांच्या सांध्यात चिकटून बसतं. आज ती माझ्यापेक्षा भरभर ट्रे लावते, हेही सांगायला हवं.

आणि आपल्या लेखात कोर्सनंतर डेंटल कौन्सिलची नोंदणी मिळते असं जे बिनदिक्कत लिहिलंय, ते कुठून आणलं? 1948 च्या डेंटिस्ट कायद्यात नोंदणी होती डेंटिस्टची, हायजिनिस्टची (दात साफ करणारे) आणि मेकॅनिकची (कवळ्या बनवणारे). असिस्टंटची वही त्यात नव्हतीच. 2023 ला संसदेने नवा कायदा केला, त्यातून आमच्या पदरात काय पडायचं ते पडो. पण दोन वर्षांचा हायजिनिस्टचा डिप्लोमा आणि दुकानावरचे नऊ महिने एकाच वाक्यात कालवू नका. आई-बाप तुमचा पेपर वाचून गळ्यातलं गहाण ठेवतात. आमच्या घरी ठेवलं होतं.

आता फोटोबद्दल. लेखाबरोबर असिस्टंट म्हणून जी मुलगी छापली आहे तिचा मास्क हनुवटीवर आहे, कानात लोंबते डूल आहेत, नखांना लाल पॉलिश आहे आणि हातात मोजे नाहीत. एका हातात ती पेशंटच्या तोंडाजवळ एलिव्हेटर, म्हणजे दात सैल करायचं हत्यार, धरून हसते आहे. एलिव्हेटर असिस्टंटने चालवायचा नसतो, आणि तिने तो धरलाय तोही उलटा.

पुढच्या वेळी फोटो लागला तर आमच्याकडे या. सोमवार ते शनिवार क्लिनिक उघडं असतं, दुपारी एक ते चार सोडून. फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा, चपला बाहेर काढाव्या लागतात.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली