‘रिंग रिंग’कडे दुर्लक्ष नको

संपादक महोदय,

‘अ‍ॅबा’ या स्वीडिश बँडची चर्चा नेहमी १९७४च्या ‘वॉटर्लू’पासून सुरू होते. आदल्या वर्षीचा ‘रिंग रिंग’ हा पहिला अल्बम कच्चा ठरवून बाजूला सारला जातो. तो नुकताच सलग ऐकला आणि थक्क झालो. काही गाणी बाळबोध आहेत, हे खरे. पण ‘डिसइल्यूजन’! त्याची चाल बँडमधली गायिका अग्नेथा हिची. बँडच्या स्टुडिओ अल्बमांत तिने चाल दिलेले हे एकमेव गाणे. पुढच्या गाण्यांतली झगमग इथे नाही, त्यामुळे तिच्या आवाजातली व्यथा थेट भिडते. ‘ही इज युअर ब्रदर’मधले चौघांचे एकत्र गाणेही उमदे आहे. रेडिओवर यातलेही काही कधीतरी वाजावे, ही मनापासून विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक